दीड वीत, दोन बोटं

रविवारी, जुन्या बाजारात,
नळाच्या तोट्या आणि एकाच पायाचं स्केट यांच्या मधोमध
ती पडली होती. गोल, पितळी, काचेसकट.
शब्बीरभाई म्हणाले, जहाजाची आहे, ताई.
बुडवायच्या आधी सगळं काढून घेतात,
तेल, वायरी, दारं, आरसे.
माशांना बाधेल असं काही ठेवत नाहीत.

वितीनं मोजली. दीड वीत, दोन बोटं.
कडेला बोल्टांची आठ भोकं,
त्यातलं एक तिरकं, कुणीतरी घाईत पाडलेलं.
रिक्षात मांडीवर घेऊन बसले,
डेक्कनच्या सिग्नलला तिच्यातून पाहिलं:
अर्धी बस, एक हवालदार,
नदीचं उरलंसुरलं पाणी.

वॉशिंग मशीनच्या वर टांगली.
पलीकडे भिंतच.
वसू म्हणाली, खिडकी कसली, परात आहे ही.

त्यावरून सुरू झालं.
एकावन्नाव्या वर्षी, सहकारनगरच्या तलावात,
सहावीतल्या पोरांच्या शेजारच्या लेनमध्ये
पाठीवर सिलिंडर बांधून
मी तळाशी बसायला शिकले.
फरशीवर कुणाची तरी केसांची पिन,
डोक्यावर मंथन सरांचे पाय.
सरांचा नियम एकच: श्वास रोखायचा नाही.
बँकेतल्या अठ्ठावीस वर्षांत
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग कोकणात, अठरा मीटरवर,
हिरव्या गढूळातून आधी नुसता एक कोपरा आला,
आणि मग येतच राहिलं, जहाज.
शिडीच्या पायऱ्यांना कालवं.
इंजिनरूममध्ये एक थोराड गोबरा,
ड्युटीवर असल्यासारखा,
मला बघूनही जागचा हलला नाही.

डाव्या अंगाला ओळीनं गोल भोकं.
चौथ्याच्या कडेला आठ खुणा,
एक तिरकी.

हात लावला.
पाण्यात सगळं मोठं दिसतं, सरांनी सांगितलंच होतं,
पण माझी वीतही मोठी झाली होती,
त्यामुळे हिशोब जुळला.
दीड, आणि दोन.
आतून एक पट्टेरी पोर बाहेर आलं, वळलं, परत आत.
तिथे कधी काच होती
याची त्याला खबरच नव्हती.

घरी आले तर वसूनं चिंच भिजत घातलेली.
तुझी परात काळी पडलीय, म्हणाली.
मी म्हटलं, राहू दे.
हिरवी होऊ दे तिला.
पुण्याच्या या कोरड्या हवेत
किती वर्षं लागतील,
शब्बीरभाईंना विचारते
बुधवारी.