मागाची खोली

नकाशात खिडकी होती तीन बाय चार,
पूर्वेला, रस्त्याच्या बाजूनं.
साहेबानं लाल पेनानं गोल केला होता:
हवा, उजेड, दोन्ही पायजेच.

पाडायच्या आदल्या दिवशी टेप घेऊन
मी आत गेलो. वैशाखातली दुपार;
उंबरा ओलांडला आणि डोळे गेले.
तसाच उभा राहिलो,
रांजणात शिरल्यासारखा गार.

मग एकेक येत गेलं.
आधी उन्हाचा तुकडा, भाकरीएवढा,
छपरातल्या काचेच्या कवेलूतून उतरलेला.
मग त्यात दोन हात.
मग कोशाचे ताणे, मधाच्या रंगाचे,
हातांपुढं जरा दिसून विझणारे.
कौतिकाबाई हेडाऊ सगळ्यात शेवटी दिसली,
मागाच्या खड्ड्यात पाय सोडून
कधीची माझ्याकडं पाहत असलेली.
"बस गा मिस्त्री, डोये येऊ दे."

मी खिडकीचं सांगितलं. ती हसली.
"रस्त्याचा उजेड आंगावर आला
तं तुटली तार दिसत नाई.
मांगं अंधार लागते,
मंग ते मोडलेलं टोक चमकते.
माह्या सासूनं एक अख्खा हिवाळा
हे कवेलू या वळीतून त्या वळीत फिरवलं होतं."

तीस वर्षं मी भिंती ओळंब्यात घेतल्या.
अंधाराचं माप
कोणी मागितलं नव्हतं.

जोतं झालं तेव्हा ती आली,
रेतीत बसली, डोळे मिटले,
हात पुढं करून म्हणाली, "इथं."
मी वर पाहिलं. नुसतं आभाळ.
एवढ्या आभाळात वीतभर जागेची
खूण कुठं करून ठेवणार?
शेवटी तिच्या मांडीजवळ खुंटी ठोकली,
सेंट्रिंग लागल्यावर तिच्यावर ओळंबा सोडला,
स्लॅबात भोक धरलं, जुनीच काच बसवली.
तरी नऊ बोटं चुकलंच.
तिनं नवा खड्डा नऊ बोटं सरकवून खणला,
मला बोलली नाही काही.

खिडकी आहे, नकाशाप्रमाणे.
तिला आतून पोतं लावलंय.

हप्त्यासाठी आतला फोटो लागतो.
साहेबाच्या मोबाईलात खोली काळीच आली,
मधोमध एक पांढरा चौकोन
आणि त्यात हात, बिनमाणसाचे.
"पुन्हा काढू," तो म्हणाला, "ते पोतं काढा."
ती उठली नाही. धोटा गेला, आला.
मी म्हटलं, साहेब,
उंबऱ्यात उभे राहू नका,
आत या. बसा जरा.