धूळ

तिसऱ्यांदा तेच. दिवा लागतो, पंखा घरघरतो,
पडदा काळा.
"सर, बटण तीस सेकंद दाबून धरा."
धरलं. वर पाच माझ्याकडून.

खालचं स्टिकर घासलेलं.
टॉर्च मारून सिरीयल नंबर वाचतो :
आठ आहे की बी?
"बी फॉर बॉम्बे, सर?"
बी बोरीचा, म्हटलं.
पलीकडे जरा शांतता.

मग पिनकोड.
"तुमच्याकडे इंजिनीअर येत नाही, सर.
यवतमाळला पाठवा."

जिनिंगच्या काट्यावर गाड्यांची रांग.
वजनं वहीत मांडतो, कार्बन लावून;
उईकेकाका मागून बेरीज तपासतात,
खूश आहेत.

सहाव्या दिवशी फोन. कोणी शबाना पठाण.
"भाऊ, पंख्यात पुरा कापूस आहे.
कंपनी याले वॉरंटीत घेत नाही.
काय लिहू?"

तारेवर, खिडकीच्या जाळीवर,
माझ्या भुवईवर तोच.
जे दिसते ते लिहा, म्हटलं.

ती थांबली.
"धूळ लिहितो. धुळीले चालते."

लॅपटॉप आला. खोक्यात कागदाची पुडी,
एका वातीपुरता कापूस.

गाड्या गेल्यावर
साठ टनी काट्यावर ठेवून पाहिली.