वाफ

मिडलटाउनला मी आले ती हिशेब तपासायला.
वर्ना स्टॉफरची माडीवरची खोली, आठवड्याला चारशे डॉलर.
"पोर परवा दोनशेला दिली असती," म्हणते, लपवत नाही.
खिडकीतून नदी, नदीत बेट,
बेटावर चार मनोरे
गार पडलेल्या चुलाण्यांसारखे.

एकोणऐंशीच्या मार्चात तिला सातवा महिना होता.
ताटावरून उठली, दार ओढलं,
कुत्र्याला न्यायचं राहिलं.
पुढचं विचारलं
की भांडी घासायला लागते.

माझ्या कागदांवर कुत्री नसतात.
कझाकस्तानचं युरेनियम, पौंडाला किती,
कुठलं बंदर, कुठलं युद्ध टाळून;
वीस वर्षांचा करार, गिऱ्हाईक एकच:
बिनखिडक्यांची इमारत, आत यंत्रं
रात्रंदिवस विचार करतात आणि तापतात.
इथे भाव एका सेंटाने हलला
तर दूर कुठे काचेची भट्टी विझते,
कुठे खाणीला कुलूप लागतं.
मी फक्त बघते, दशांशचिन्ह जागेवर आहे ना.

तिचा नातू कोडी आता तिथंच कामाला,
तासाला बेचाळीस डॉलर.
रोज रात्री ती विचारते, "आज किती किरणं?"
"शून्य, आजी."
तरी त्याच्या कपाळाला हात लावून बघते.

"धूर दिसला की सांग हं," मला म्हणाली.
धूर नसतो तो, वाफ असते, मी म्हटलं.
"ठाऊक आहे गं.
तरी सांग.
भाडं वाढवायचं की सामान बांधायचं,
मला त्याच दिवशी ठरवायचंय."