औसा रोडवर तीन ट्रे

दुकानालाच तीन पायऱ्या.
मुंदडाशेठ वरूनच म्हणाले,
‘ताई, मोबाइलवर फोटो बघा ना.’
फोटोवर चाक फिरत नाही, म्हटलं.
मग अफरोजनं एकेक ट्रे खाली आणला,
पुठ्ठे फाडून मांडले रस्त्याकडेला,
रसवंतीच्या सावलीत.

पहिला पांढरा, सायीसारखा गुळगुळीत.
कोरडा असतानाच चाक सरकलं.
साबण लागल्यावर तो काय करील
हे मला कुणी सांगायला नको.

दुसऱ्याला कड होती, बोटभर.
‘एवढी तर पाहिजेच, नाहीतर पाणी घरात येतंय बघा.’
बोटभर.
आमच्या न्हाणीचा उंबरा चार बोटं आहे.
सहा वर्षं वहिनी मला रोज त्यावरून उचलते,
उचलताना श्वास कोंडते
आणि स्टुलावर ठेवल्यावरच सोडते.
शेठ, मी बोटं नाही मोजत,
तो श्वास मोजते.
हे अर्थात मनात.
तोंडानं एवढंच म्हटलं, पुढचा दाखवा.

तिसरा राखाडी, खरखरीत,
नुकती टाकी लावलेल्या जात्यासारखा.
फरशीच्या बरोबरीनं बसवायचा, कड नाही, काही नाही.
खुर्ची आत घातली.
डावीकडं वळवली, उजवीकडं,
पुन्हा डावीकडं, उगाच.
रसवंतीवाला चरक थांबवून बघत राहिला.

‘पाणी ओत.’
अफरोजनं जारमधलं तांब्याभर ओतलं.
‘अरे, चाळीसचा जार आहे तो!’ शेठ वरून.
पाणी जरा थबकलं,
मग कोपऱ्यातल्या जाळीकडं निघालं
माहेरची वाट धरल्यासारखं,
आणि खालच्या डांबरात गेलं.

‘वर शॉवर कोणता देऊ?
एक आहे, पावसासारखा पडतो.’
शॉवर नको. आमच्याकडं नळ नवव्या दिवशी येतो.
दीड बादली अन् एक मग,
एवढंच वाट्याला.
ते माझ्या हातानं अंगावर घेईन म्हणते.

पैसे मोजत होते तेव्हा इब्राहिम मिस्त्रीचा फोन.
‘ताई, उंबरा फोडला. डबर कुठं टाकू?’
वहिनीला विचारा, म्हटलं.
मागून तिचा आवाज आला, लांबून,
कुणाशी तरी भांडत असल्यासारखा:
‘राहू द्या तिथंच.
बघू द्या मला जरा.’