चौथी गादी

पहिली शिवली उशांच्या दोन अभ्र्यांची.
आत गेल्या सालच्या कुलरमधला वाळा,
धुऊन, गच्चीवर सुकवून.
कडेनं दुहेरी शिवण घातली,
कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं नावही काढलं : ढेमशा.
त्यानं वास घेतला,
गादीभोवती तीन चकरा मारल्या
आणि शेजारच्या उघड्या फरशीवर
अंग टाकून दिलं, पोत्यासारखं.

"काहून शिवतं वं त्याच्यासाठी?" लीलाधर म्हणाला.
"कुत्रं हाय ते. जावई नोहे."

दुसरीसाठी पंक्चरवाल्या हबीबकडून
मेटॅडोरचं फाटकं टायर आणलं.
त्यात भरली ब्लाउजांची कात्रणं,
अर्ध्या तांडापेठेतल्या बायांची.
एक रात्र झोपला.
सकाळी कात्रणं गोलीबार चौकापर्यंत,
आणि धकातेबाई रस्त्यात थांबून
आपल्या जांभळ्या जरीचा तुकडा ओळखून
पदर तोंडाला लावून हसत होत्या.

तिसरीचं नाव काढू नका.
तिसरी त्यानं खाल्ली.

मग नवतपा लागला.
पत्रे दुपारी आपोआप वाजायचे,
कुलर वाफ सोडायचा,
आणि ढेमशा घरात दिसेना.
मी नळापाशी पाहिलं, मोरीत पाहिलं,
हबीबच्या ट्रकाखाली वाकून पाहिलं.
शेवटी आतल्या खोलीत
फळ्यांखालून घोरणं ऐकू आलं.

तिथं माग होता.
माग गेला, भंगारच्या भावात,
खड्डा कुठं जाणार?
एक फळी सरकवून तो उतरला होता
बाच्या पायांच्या जागेत.
चाळीस वर्षं त्या मातीत पाय सोडून
बा लुगडी विणायचा.
"खड्ड्यात ओल राहते पोरी," म्हणायचा,
"ओल असली की ताणा तुटत नाही."
ही गोष्ट ढेमशाला कोणी सांगितली,
मला ठाऊक नाही.

मी बॅटरी घेऊन बसले काठाशी.
तो कुशीवर होता, पोट वरखाली,
आणि झोपेत पाय हलत होते.
डावा. उजवा. डावा.
लोक म्हणतात कुत्री स्वप्नात मांजरामागं धावतात.
धावत असतील.
मला पावड्या दिसल्या.
बॅटरी विझवली
आणि तशीच बसून राहिले,
गिऱ्हाईक दारात दोनदा हाक मारून गेलं.

लीलाधरनं मुरूम सांगून ठेवला होता.
खड्डा बुजवायचा, वरून टाइल्स,
दिवाळीच्या आत खोली भाड्यानं द्यायची.
ट्रॉली आली, मुरूम गल्लीत ओतला,
पहिलं घमेलं घेऊन तो आत गेला.
ढेमशानं एक डोळा उघडला,
बघितलं,
मिटला.

लीलाधरनं घमेलं खाली ठेवलं.
चपला काढल्या.
काठावर बसून पाय आत सोडले,
कुत्र्याला लागू नयेत असे, जरा तिरपे.
"टेकले," म्हणाला.
"लहानपणी टेकत नव्हते ना वं."
मी म्हटलं, नव्हते.
मग तो बराच वेळ काही बोलला नाही,
आणि मीही मशीनकडं गेले नाही.

मुरूम अजून गल्लीतच आहे.
पोट्टे त्यावर किल्ला करतात,
नगरसेवकाचा माणूस दोनदा विचारून गेला,
लीलाधर सांगतो, उद्या.

मी टेप घेऊन खड्ड्यात उतरले.
लांबी सव्वादोन फूट, रुंदी पावणेदोन,
एक कोपरा गोल, घासून घासून झालेला.
त्या मापाची चौथी शिवली,
बाच्या जुन्या धोतराची,
कापूस मोजून भरला, फार नाही.
आत टाकली आणि बाजूला सरले.

तीन चकरा. नेहमीच्याच.
पंजानं गादी भिंतीकडं ढकलली,
सारं अंग मातीवर ठेवलं
आणि हनुवटी तेवढी गादीच्या काठावर.

बावीस वर्षं माप घेते मी बायांची,
हातोप्याला अर्धा सूत इकडंतिकडं झालं तर
भांडायला येतात दारात.
एवढं नेमकं गिऱ्हाईक
मला पहिल्यांदाच मिळालं.
त्याला उशी पाहिजे होती, राजेहो.
आधी सांगायचं ना.