डावं दार

शुक्रवार पेठेच्या बोळात चार विटांवर फियाट.
अण्णा गाडीखाली, बाहेर नुसत्या चपला
आणि आवाज: बॅटरी नीट धर गं, हलवू नकोस.

डायनॅमो लक्ष्मीपुरीच्या भंगारातला,
कांद्यासारखा किलोवर घेतलेला.
मॅनिफोल्डला तडा, तर बाबालाल शिकलगारांनी
उद्यमनगरात नवंच ओतून दिलं,
पैसे घेतले नाहीत, चहा दोनदा घेतला.
हॉर्न गुळाच्या ट्रकचा.
डावं दार गडहिंग्लजहून आलं, एसटीच्या टपावर.
पिवळं. बाकी गाडी निळी.

अकरा महिने.
आईनं रॉकेलच्या परातीतले नटबोल्ट
मोजून परत दिले. एक जास्तच भरला.
तो कुठला, अजून कळलेलं नाही.

मग एका रविवारी सोपान इंगवले आले,
गडहिंग्लजच्या डॉक्टरीणबाईंचे कंपाउंडर.
गाडीकडे बघितलंच नाही.
दार उघडलं, लावलं.
पुन्हा उघडलं.
"शेवटाला जरा उचलून लावाय लागतंय," म्हणाले,
"बाई रोज चिडायच्या,
पण कुणाला हात लावू द्यायच्या न्हाईत."

अण्णांच्या हातात बिजागरीची नवी पिन होती.
ती त्यांनी खिशात टाकली.

ते दार आम्ही अजून
जरा उचलून लावतो.