काट्यांच्या उलट

रास्ता पेठेत माझं दुकान, पायरीएवढं.
फेब्रुवारीत रात्रपाळीच्या सिस्टर, एस्तेर रणपिसे,
छातीवर टाचायचं घड्याळ ठेवून गेल्या.
पाकिटात त्यासोबत औषधाची पुडी, पुडीत सहा बिया.
वरचं नाव घामानं पुसलेलं,
शेवटचं ‘णी’ तेवढं शाबूत.
घड्याळ दोन दिवसांत चालू झालं.
फोन लागत नाही.

बिया भिंगाखाली घेतल्या.
हस्तिदंती, पाठीवर फुगीर, दुधाच्या दाढेसारख्या.
शेजारचा किल्लीवाला इरफान म्हणाला, घेवडा.
चहावाला म्हणाला, भोपळाच, पण उपाशी.
मी म्हटलं, ‘णी’ आहे, रातराणी असेल.
मंडईमागच्या बियाणेवाल्या कुंजीरबाईंनी एक नखानं टोकरली.
“रातराणीचं बी इवलंसं. हे वेलीचं.
कवच घासल्याशिवाय पाणी आत जायचं नाही.
आणि ओळख बीला नाही विचारायची.
पानाला विचारा.”

सगळ्यात बारीक कानस काढली.
डोळ्याची बाजू सोडून एकेकीची पाठ घासली,
आतलं पांढरं दिसेस्तोवर, पुढे एक हातही नाही.
चाळीस वर्षांत
काही उगवावं म्हणून कानस धरली नव्हती.
रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी चार फुगल्या,
दोन तशाच, हट्टी.

गच्चीवर रंगाचा डबा, पेराएवढी खोल माती.
आठव्या दिवशी मान वाकवून एक वर आलं,
टरफलाची टोपी अजून डोक्यावर.
चिमट्यानं काढणार होतो. धीर धरला,
नुसतं पाणी शिंपडलं.
दुसऱ्या दिवशी दोन दलं, मधोमध खोल चिरलेली,
पाकोळीच्या शेपटीसारखी.
“रताळ्याच्या भावकीतली,” बाई म्हणाल्या.
पुढचं पान मात्र थेट बदामाच्या एक्क्यासारखं.

सुतळी बांधली. वेल चढू लागली
आणि माझी झोप उडाली:
ती काट्यांच्या उलट फिरत होती.
सोडवली. बरोबर दिशेनं गुंडाळली,
दोऱ्यानं हलकी अडकवली.
सकाळी शेंडा सुटून पुन्हा आपला उलटाच.
तीन वेळा.
चौथ्यांदा मी मुकाट्यानं सुतळी वाढवली.

सप्टेंबरात कळी आली, मिटलेल्या छत्रीचा पीळ घेऊन.
सकाळभर काही नाही. दुपारी काही नाही.
दुकान लवकर ओढलं, सिस्टरांचं घड्याळ खिशात.
सहा एकेचाळीस, पीळ सैल.
सहा त्रेचाळीस, एक थरथर.
मग एका दमात, मिनिटसुद्धा नाही,
तळहाताएवढं पांढरं,
आत हिरवट पाच रेघांची चांदणी.
गुलचांदणी.
‘णी’ला तिचं उरलेलं नाव मिळालं.

ते घड्याळ मी शर्टावर टाचून पाहिलं.
समोरच्याला उलटं दिसतं,
लावणाऱ्यानं मान खाली घातली की सुलट.
दुरुस्त करताना हे लक्षात आलं नव्हतं,
टेबलावर सगळीच घड्याळं माझ्याकडे तोंड करून असतात.

डिसेंबरात पारा सातवर आला.
जुनी चादर टाकली, तरी पानं रात्रीतून काळी पडली.
बोंडं आधीच वाळली होती, तेवढं बरं.
तेवीस बिया निघाल्या.
सहा पुडीत परत ठेवल्या, नाव पक्क्या शाईनं.
त्या दोन हट्टी अजून मातीतच आहेत,
डबा मी हलवलेला नाही.

सिस्टर, घड्याळाला रोज चावी देतो.
सर्व्हिसिंगचे पैसे नकोत.
फक्त येताना वेळ पाहून या,
पाटी बदलली आहे, अजून तशीच ठेवली आहे:
संध्याकाळी सहानंतर दुकान बंद.